जकात गेली, धनादेश आला

दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्द. रस्त्याने मुंबईत शिरलेल्या तुमच्यापैकी अनेकांना या नाक्यांवरच्या ट्रकांच्या रांगा आठवत असतील. ३० जून २०१७ च्या मध्यरात्री जकात बंद झाली आणि त्या रांगा गेल्या. ते चांगलंच झालं. ड्रायव्हर-क्लीनरचे तास न् तास तिथे जळत होते, डिझेल जळत होतं, आणि त्याचा खर्च शेवटी गिऱ्हाइकाच्याच माथी येत होता.

पण जकात म्हणजे नेमकं काय होतं, हे पाहू या. राज्यघटनेच्या राज्यसूचीत ५२ वी नोंद होती : स्थानिक क्षेत्रात उपभोग, वापर किंवा विक्रीसाठी येणाऱ्या मालावरचा कर. शहरातून नुसता पुढे जाणारा माल यात बसत नव्हता, पण तो खरोखर पुढे गेला हे पटवून द्यावं लागे, आणि नाक्यावरची निम्मी कटकट त्यातूनच यायची. बरं, जकात म्हणजे फक्त ट्रक, असंही नाही. माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत येणारं कच्चं तेल हा मुंबईच्या जकातीचा फार मोठा आधार होता, आणि ते काही नाक्यावरून येत नव्हतं.

नगरपालिकांची जकात १९९९ मध्येच गेली होती. महापालिकांसाठी नंतर एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. पुणे, ठाणे, नागपूरला तो २०१३ मध्ये लागू झाला. नाका नको, हिशेबवह्यांवरून कर भरा, अशी ती कल्पना. व्यापाऱ्यांना त्यात आणखी एक तपासनीस दिसला आणि त्यांनी दुकानं बंद ठेवली. ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला एलबीटी माफ झाला. मुंबईत तर तो आलाच नाही. तिथे जकातीनंतर थेट जीएसटी.

जीएसटीसाठी घटनेतली ती ५२ वी नोंदच वगळली. महापालिकांच्या बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई म्हणून राज्याने कायदा केला : २०१६-१७ चं उत्पन्न पाया धरायचं, त्यावर दरवर्षी चक्रवाढीने ८ टक्के, आणि रक्कम दरमहा. मुंबईला पहिला धनादेश सुमारे ६४७ कोटींचा मिळाला. आठ टक्क्यांची चक्रवाढ नऊ वर्षांत रक्कम दुप्पट करते. मुंबई महापालिकेच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात ही भरपाई १४ हजार कोटींच्या पुढे आहे. त्याच अंदाजपत्रकात मालमत्ता कर ५,२०० कोटी. म्हणजे शहराचा सगळ्यात मोठा एक आधार आता मंत्रालयातून येतो.

हा पैसा अमुकच कामाला, असं बांधलेलं नाही. तो महापालिकेच्या तिजोरीत जातो आणि तिथून पगार, निवृत्तिवेतन, केईएम-सायन-नायर रुग्णालयांची औषधं, शाळा, कचरा, नालेसफाई, बेस्टचं अनुदान यांत वाटला जातो. दर महिन्याच्या या खर्चाला दर महिन्याचा पैसा लागतो, आणि तो कुणाच्या मर्जीवर असू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांना अठरा विषयांची यादी दिली, पण करांची यादी दिली नाही. कोणता कर द्यायचा ते राज्याने ठरवायचं. आज भरपाईचा कायदा आहे, उद्या विधिमंडळ तो बदलू शकतं. केंद्राने राज्यांना दिलेली भरपाई पाच वर्षांनी, जून २०२२ मध्ये थांबली. महापालिकांना राज्य देतं ते आता स्वतःच्या खिशातून. म्हणून भरपाई नको, राज्याच्या जीएसटीतला हक्काचा वाटा हवा.

अडचण खरी आहे. जीएसटीची नोंदणी राज्यवार होते. एखाद्या कंपनीची कांदिवलीतली विक्री आणि सांगलीतली विक्री एकाच विवरणपत्रात जाते, त्यामुळे कोणत्या शहरात किती माल खपला हे कागदावर दिसतच नाही. तेव्हा वाटा खपावर नाही, तर लोकसंख्येवर आणि शहर स्वतः किती मालमत्ता कर वसूल करतं यावर ठरवावा, असं मला वाटतं. यात मुंबईला आजच्यापेक्षा कमी मिळेल आणि मालेगाव, परभणीला जास्त. मुंबईकर असूनही मला ते मान्य आहे.