या खटक्याने काय बंद होतं?

श्रोतेहो, नमस्कार.

आत्ता ऐकता ऐकताच एक काम करा. दारामागे, बहुतेक चपलांच्या कपाटाच्या वर, एक पांढरी पेटी असेल. तिला आम्ही वायरमन डीबी म्हणतो. तिचं झाकण उघडा. आत एमसीबीच्या, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या खटक्यांची रांग आहे. प्रत्येक खटक्याने काय बंद होतं, हे तिथे कुठे लिहिलंय का? की पट्टी कोरीच आहे?

मागे एका काकूंचा फोन आला होता. म्हणाल्या, "अहो, सोळा नंबरचं बटण पडलंय." मी विचारलं, कुठलं सोळा? त्यांच्या पेटीत सोळा लिहिलेले तीन खटके होते. एमसीबीवर छापलेलं 'सी १६' हा काही त्याचा नंबर नव्हे. १६ अँपिअरपर्यंतचा लोड तो धरतो, एवढाच त्याचा अर्थ. गिझर त्याच्यावर आहे की स्वयंपाकघराचा प्लग, हे कारखान्याला कसं कळणार? ते आपणच लिहायचं असतं.

मी हे इतकं तावातावाने का सांगतोय, तर माझ्याकडे एक पक्कड आहे. तिच्या पात्याला वाटाण्याएवढा खड्डा आहे, आणि खड्ड्याची कड वितळून गुळगुळीत झालेली आहे. पुण्यात सहकारनगरच्या बाजूची एक जुनी सोसायटी, तीन विंगांची. बी विंगच्या पंपाची केबल बदलायची होती. मीटर रूममधल्या पॅनेलच्या दारावर सुबक अक्षरात 'बी पंप' लिहिलेलं. मी खटका पाडला, पंपाशी गेलो आणि केबलला पक्कड लावली. धाडकन आवाज झाला, डोळ्यांपुढे निळंपांढरं झालं, आणि मी मागे भिंतीवर. हाताला हँडलचं रबर होतं म्हणून आज तुमच्याशी बोलतोय.

झालं होतं ते इतकंच. गणपतीच्या आधी मीटर रूम रंगवली होती. रंगाऱ्याने पॅनेलची दारं काढून भिंतीला टेकवून ठेवली आणि काम झाल्यावर परत बसवली. सगळी दारं एका मापाची. 'ए'चं दार 'बी'ला गेलं, 'बी'चं 'ए'ला. त्यात टाकी भरलेली, मोटार बंदच, त्यामुळे आवाजावरूनही कळायची सोय नव्हती. रंगाऱ्याला मी बोल लावत नाही. टेस्टर माझ्या खिशात होता आणि मी तो काढला नाही.

तेव्हापासून पॅनेलचं नाव मी दारावर कधीच लिहीत नाही. निघू शकतं त्यावर लिहायचं नाही. आतल्या पत्र्यावर, जो जागचा हलत नाही, त्यावर लिहायचं. आणि पाटी वाचली तरी टेस्टर लावायचाच. तोही आधी चालू प्लगमध्ये पेटतो का बघून, मग बंद केलेल्या जागी, आणि मग पुन्हा चालू प्लगमध्ये. मधल्यामध्ये टेस्टरच गेला तर?

आता लिहायचं काय? पुण्यात मारुतीसुद्धा नुसता मारुती नसतो. जिलब्या असतो, पत्र्या असतो, डुल्या असतो. नुसतं मारुतीचं देऊळ म्हटलं तर रिक्षावाला मीटर पाडण्याआधी चार प्रश्न विचारील. मग पॅनेलवर नुसतं 'पंप' लिहून कसं चालेल? कुठल्या विंगचा, पिण्याच्या पाण्याचा की बोअरचा, आणि मुख्य म्हणजे त्याला वीज कुठून येते, तेही लिहा. पुढे काय चालतं हे सगळे लिहितात, मागून कुठून आली हे कोणी लिहीत नाही. आणि माणसांची नावं लिहू नका. 'जोशी' लिहिलेला खटका मी पाहिलाय. जोशी घर विकून केव्हाच गेले होते. फ्लॅटचा नंबर लिहा, शेवटी तारीख घाला.

तीन फेजचे रंग लाल, पिवळा, निळा. न्यूट्रल काळा, अर्थिंग हिरवं. पण जुन्या वाड्यांत त्यावर विसंबू नका. तपकीर गल्लीत, म्हणजे आमच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, त्या दिवशी जी वायर स्वस्त मिळाली, ती तिथे ओढलेली असते. पंपाच्या पॅनेलवर कवटी आणि हाडांची पाटी असते, ती कायद्यानेच लागते. पण धोका आहे एवढंच ती सांगते. कुठला खटका पाडल्यावर तो टळेल, हे तिच्यावर नसतं.

घरच्या डीबीसाठी एक सोपी युक्ती. प्लगवर चालणारा रेडिओ घ्या, त्यातले सेल आधी काढून ठेवा, नाहीतर तो गातच राहील. एका प्लगला लावून मोठ्याने चालू करा आणि डीबीपाशी जाऊन एकेक खटका पाडत चला. रेडिओ गप्प झाला की लिहून घ्या. मग पुढचा प्लग. कॉम्प्युटर आधी बंद करा, आणि घरात कोणी ऑक्सिजनच्या मशीनवर असेल तर हा उद्योग करूच नका, वायरमनला बोलवा. पेटीचे स्क्रू मात्र कोणीच उघडायचे नाहीत. आणि हो, एवढं आमचं भाषण संपल्यावर करा.

इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावरचे बोर्ड वेगळे ओळखून ठेवा. मेन पाडला तरी त्यांच्यात २३० व्होल्ट येतच असतात. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट गेली म्हणून पंख्याचा रेग्युलेटर उघडायला शिडी लावणारे मी पाहिलेत. त्या बोर्डावर लाल अक्षरात लिहा: 'इन्व्हर्टर. मेन बंद केला तरी वीज असते.'

रस्त्यावरच्या डीपीला, म्हणजे घराघरांत वीज वाटणाऱ्या पेटीला, आणि खांबालाही नंबर असतो. जाता-येता तो टिपून ठेवा. महावितरणच्या १९१२ या फोन नंबरवर तक्रार करताना बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक तर द्याच, पण ठिणग्या खांबावर उडत असतील तर 'आमच्या कोपऱ्यावरचा खांब' म्हणण्यापेक्षा त्याचा नंबर कामाला येतो.

त्या सहकारनगरच्या सोसायटीत नंतर सगळी पॅनेलं नव्याने ओळखली. सेक्रेटरीबाईंनी स्वतः शेजारी उभं राहून लिहून घेतलं. पाणी सोडायच्या पंपाच्या पॅनेलमध्ये, आतल्या पत्र्यावर, त्यांच्या अक्षरातला मजकूर अजून आहे: 'बी विंग, वरच्या टाकीचा पंप. वीज मेन पॅनेल दोनमधून. पाडण्याआधी वॉचमनला सांगा, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी अंघोळीला बसलेल्या असतात.'