विश्वामित्रीच्या काठी, पाण्यापासून लांब

[वडोदरा. काळ्या घोड्याजवळचा पूल. सकाळ.]

पुलावरून खाली नीट बघा. चिखलात ओंडका पडल्यासारखा दिसतोय ना, ती मगर आहे. पावागडाकडून येणारी विश्वामित्री वडोदऱ्याच्या मधोमध वाहते आणि तिच्यात मगरींचा मुक्काम असतो. त्यामुळे कचरा उचलायला आलेल्या कॉलेजच्या मुलांना पहिली ताकीद एकच: पाण्याकडे फिरकायचं नाही. उन्हाळ्यात तर काठावरची मातीही उकरायची नाही, अंडी तिथेच असतात.

काम चालतं ते वर, रस्त्याकडेच्या झुडपांत. 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात मगरी रस्त्यावर आल्या, त्यांचे व्हिडिओ देशभर फिरले. फांद्यांना लटकलेल्या पिशव्यांचे व्हिडिओ कोण कशाला काढतोय!

[ताडपत्रीवर उपड्या केलेल्या गोण्या.]

उचलणं सोपं, निवडणं जिकिरीचं. पाण्याच्या बाटल्या भंगारवाला आनंदाने नेतो. दुधाच्या पिशव्याही घेतो, पण धुतलेल्या आणि कोरड्या. वेफर्स, गुटखा, शाम्पूच्या पुड्यांना मात्र तो हात लावत नाही. आतला चकचकीत थर आणि बाहेरचं छापील प्लॅस्टिक इतकं एकजीव झालेलं असतं, की सुटं करणं परवडतच नाही. हा ढीग सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून चालतो, पण तिथवर पोचवायचा कुणी? 120 मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगवर 2022 च्या अखेरीपासून बंदी आहे. ती कितपत पाळली जाते, ते या ताडपत्रीवर दिसतंच आहे.

[दांडिया बाजार. एक स्वयंपाकघर.]

मराठी घरांची ही जुनी वस्ती. ओट्याशी उभी राहून एक विद्यार्थिनी सांगतेय, "काकू, पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका. चिकटलेलाच राहू दे." नखाएवढा तो तुकडा कुणाच्या हाती लागत नाही, मोरीतून गटारात जातो, गटारातून नदीत.

"अगं, पण मग धार वाकडी पडते!"

तक्रार रास्त आहे. मुलगी पातेलं पुढे ओढते, पिशवीला चीर देऊन दूध ओतून दाखवते. दोन थेंब ओट्यावर सांडतातच.

[पानाचा गल्ला, म्हणजे पानटपरी.]

गुटख्याच्या पुड्या जिथे फाडल्या जातात तिथेच अडवाव्यात, म्हणून मुलांनी गल्लेवाल्याला डबा ठेवायची गळ घातली. तो कबूल झाला, अट एकच: रिकामा तुम्ही करायचा. मुलांनी मान्य केलंय. सध्या वाद चाललाय तो परीक्षेच्या दिवसांत ही पाळी कुणाची, यावर.