रेंडरनंतर काळे-पांढरे का सरकते?

मित्रहो, सोलापुरात व्हिडिओचे काम करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी सिद्धेश्वर यात्रा चित्रित केली आहे. नंदीध्वज (यात्रेतील मानाच्या उंच काठ्या) पेलणाऱ्यांची पांढरी शुभ्र बाराबंदी (बंदांचा अंगरखा) आणि होम मैदानावरची रात्र, अशी उजेड-अंधाराची दोन्ही टोके त्या कामात येतात. असा शॉट एडिटिंगच्या टाइमलाइनवरून आफ्टर इफेक्ट्स या कंपोझिटिंगच्या (चित्रावर ग्राफिक्स चढवण्याच्या) सॉफ्टवेअरमध्ये नेला, नाव चढवून रेंडर केला आणि परत आणला, की कधी रात्र राखाडी होते, तर कधी बाराबंदीच्या चुण्या दिसेनाशा होतात. हात लगेच कलर करेक्शनकडे जातो. तो तिथे जाऊ नये असा माझा आग्रह आहे, कारण बिघाड रंगात नसून आकड्यांचा अर्थ लावण्यात झालेला असतो.

चित्रातला उजेड फाइलमध्ये आकड्यांत साठवला जातो, आठ बिटमध्ये 0 ते 255, आणि काळा-पांढरा कोणत्या आकड्यावर ठेवायचा याच्या दोन पद्धती आहेत. व्हिडिओ लेव्हलमध्ये काळा 16 वर आणि पांढरा 235 वर असतो. फुल लेव्हलमध्ये तेच 0 आणि 255 वर. कंपोझिटिंगचे सॉफ्टवेअर फाइल उघडताना पहिला पल्ला ताणून दुसऱ्यावर नेते आणि रेंडर करताना पुन्हा आवळते. ताणायचे राहिले, तर वेव्हफॉर्मवर (उजेडाची पातळी दाखवणाऱ्या आलेखावर) चित्र साधारण 6 ते 92 टक्क्यांत अडकते. ते फिकट दिसले तरी सावरता येते. एकदा जादा ताणले गेले, तर मात्र 240 आणि 250 हे दोन्ही 255 होतात, म्हणजे बाराबंदीची घडी आणि तिच्या शेजारचे कापड एकच पांढरे होते, आणि तसे रेंडर झालेल्या फाइलमधून ती घडी कोणत्याही इफेक्टने परत येत नाही. (कॅमेऱ्यानेच 235 च्या वर नोंदवलेला तपशील बरोबर ताणल्यावरही आठ बिटच्या प्रोजेक्टमध्ये कापला जातो, तिथे 32 बिट फ्लोट, म्हणजे पांढऱ्याच्या वरचे आकडेही जपणारी प्रोजेक्टची सेटिंग, वापरावी.)

दोन्ही टोके जागेवर राहून फक्त मधले राखाडी सरकले असेल, तर तो गॅमाचा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात हे ठरवणाऱ्या वक्राचा) प्रश्न आहे, लेव्हलचा नव्हे. म्हणून प्लेअरमध्ये पाहून निर्णय घेऊ नये, वेव्हफॉर्मसारखा मोजणारा स्कोप उघडावा.

दोष कुठे आहे हे शोधायला 0, 16, 128, 235 आणि 255 अशा राखाडी पट्ट्या कंपोझिटिंगमध्ये बनवून नेहमीच्या कोडेकमध्ये (व्हिडिओ साठवण्याच्या पद्धतीत) रेंडर कराव्यात आणि परत आयात करून मोजाव्यात. 16 ची पट्टी 30 झाली असेल तर पल्ला एकदा जादा आवळला गेला आहे. 0 झाली असेल तर जादा ताणला गेला आहे. नंतर हीच फाइल एडिटिंगमध्ये न्यावी, तिथून रेंडर करून परत आणावी आणि प्रत्येक टप्प्यावर वेगळे मोजावे, कारण दोन उलट चुका एकमेकींना झाकतात आणि शेवटचे चित्र बरोबर भासते.

दुरुस्ती ज्या टप्प्यावर आकडा बदलला तिथेच करावी. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्समधील डेटा लेव्हल्स ‘ऑटो’वरून ‘व्हिडिओ’ किंवा ‘फुल’ करता येते, आणि रेंडर करण्याच्या डिलिव्हर पानावरही तोच पर्याय स्वतंत्रपणे असतो. एडिटिंग एका मशीनवर आणि ग्राफिक्स दुसऱ्यावर होत असतील, तर दोन्हीकडे एकच रेंडर प्रीसेट साठवावा, आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की या पट्ट्या पुन्हा पाठवून मोजाव्यात.