किनाबातांगनच्या काठावर

[दृश्य: पहाट. नदीवर धुकं. होडीचं इंजिन बंद होतं.]

बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या साबाह राज्यातून वाहणारी ही किनाबातांगन नदी. होडीतून पाहिलं तर दोन्ही तीरांवर गच्च रान. नजर आत शिरत नाही.

[दृश्य: ड्रोन वर चढतो.]

आता वरून बघा. रानाची ही पट्टी काही ठिकाणी अगदीच चिंचोळी. तिच्यामागे, फणी फिरवल्यासारखे आखलेले तेलताडाचे, म्हणजे पाम तेल देणाऱ्या झाडांचे, मळे. ही झाडंही मूळची इथली नव्हेत. पश्चिम आफ्रिकेतून आणलेली.

2005 मध्ये इथलं सुमारे 26 हजार हेक्टर रान अभयारण्य म्हणून राखलं गेलं. तेही सलग नाही. तुकडे, तुकडे, मध्ये मळे.

[दृश्य: ओरांगउटान या मोठ्या वानराची मादी. पोटाला बिलगलेलं पिल्लू.]

मलय भाषेत ओरांग म्हणजे माणूस, हुतान म्हणजे जंगल. या जंगलातल्या माणसाला पोहता येत नाही. पूर्वी ओढ्याच्या दोन्ही काठांवरच्या मोठ्या झाडांच्या फांद्या वर एकमेकींत गुंतत. तो वरच्या वर पलीकडे जाई. ती झाडं गेली, आणि साधा ओढाही आडवा आला. मादीला पिल्लू होतं तेही सात-आठ वर्षांतून एकदा. 1999 ते 2015 या काळात बोर्निओतले एक लाखाहून जास्त ओरांगउटान कमी झाले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. सगळं खापर तेलताडावर फोडता येणार नाही. शिकारीनेही पुष्कळ मारले.

[दृश्य: ओढ्यावर ताणलेले जाड पट्टे.]

हे अग्निशमन दलाचे जुने होज पाइप. ‘हुतान’ नावाच्या संस्थेने 2003 पासून ओढ्यांवर असे झुलते पूल बांधले. पूल ओलांडणारा ओरांगउटान कॅमेऱ्यात सापडला, तो 2010 मध्ये. सात वर्षं! जनावर विचारी आहे.

पण पूल म्हणजे ठिगळच. रान पुन्हा जोडायचं तर झाडं लावावी लागतात.

[दृश्य: गुडघाभर चिखल. रोपाभोवतीचं गवत कापणारे हात.]

हे काम गावातल्या बायका करतात. रोप लावणं सोपं. गवत आणि वेली त्याला गिळू नयेत म्हणून पुन्हा पुन्हा येऊन बेणणं, हे खरं कष्टाचं.

पाम तेल बंदच करा, असं म्हणणं सोपं आहे. पण एका हेक्टरात तेलताड सोयाबीनच्या कितीतरी पट तेल देतो. तेवढंच तेल दुसऱ्या पिकातून काढायचं तर जमीन आणखी लागेल. मळेवाल्यांकडे मागणं मोठं नाही: नवं रान तोडू नका, आणि नदीकाठच्या ताडाच्या काही रांगांची जागा रानासाठी सोडा.

[दृश्य: ओंजळीत मातीसकट रोप. मागे, पलीकडच्या काठावर, फांदी हलते.]