खळ्यासारखा ट्रॅक

(दृश्य: सकाळचं कोवळं ऊन. लांबवर राजहंसगड. कॅमेरा जमिनीलगत. रिमोटवर चालणारी एक छोटी बग्गी गाडी वळण घेऊन निघून जाते.)

धुरळा उडाला नाही, हे लक्षात आलं का? गाडी वळणातून गेली, मागच्या चाकांनी माती उकरली नाही, नुसती एक काळसर, चकचकीत रेघ मागं राहिली. ती रेघ उमटायला मला तीन हंगाम लागले.

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवाराला लागून आमचं घर. घरामागचं परडं 22 मीटर लांब आणि 12 मीटर रुंद. पूर्वी तिथं गवताची गंजी असायची आणि भाताचं खळं. मळणीचं मशीन आलं तसं खळं गेलं, जागा तेवढी राहिली. त्या जागेत मी रिमोटच्या गाड्यांचा ट्रॅक बांधलाय. दिवसभर मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीनवर असतो, तिथं मायक्रॉनचा हिशेब चालतो. मातीचा हिशेब मला आज्जानं शिकवला.

(दृश्य: बग्गी हातात. वरचं कवच काढलेलं.)

ही खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची बग्गी. लांबी साधारण 40 सेंटिमीटर, रुंदी 25. खेळण्याच्या दुकानातल्या गाडीत नि हिच्यात फरक आहे तो इथं: चारही चाकांना दणका शोषणारे, तेल भरलेले शॉक, मागं डिफरन्शियल (वळणात दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) आणि ब्रशलेस, म्हणजे आत घासणारे ब्रश नसलेली मोटर. ताशी 36 किलोमीटर हा हिच्यासाठी फार वेग नाही. पण तेवढ्या वेगातही गाडी सेकंदाला 10 मीटर जाते. माझी सरळ पट्टी 18 मीटरची, म्हणजे दोन सेकंदही नाहीत. डोळ्यानं बघून बोट हलेपर्यंत पाव सेकंद गेला, तर गाडी अडीच मीटर पुढं गेलेली असते. म्हणून पट्टा मी 1.8 मीटर रुंद ठेवला. पहिल्या आराखड्यात तो एक मीटरच होता. जास्त वळणं बसतील म्हणून मोह झाला होता. दोन गाड्या शेजारून जाईनात, सगळी शर्यत कडेच्या पाइपावर आपटण्यातच संपायची.

आता माती.

पहिल्या वर्षी मी परड्यातलीच काळी माती सपाट केली. ओली असताना छान दिसली. माघात ऊन लागलं आणि बोटभर भेगा पडल्या. पुढचं चाक भेगेत शिरलं की गाडी तिथंच उलटायची. दुसऱ्या वर्षी ट्रॉलीभर मुरूम आणून पसरला. भेगा गेल्या, पण मुरमाचा बारीक खडा मोटरच्या पिनियनमध्ये, म्हणजे छोट्या गिअरमध्ये, आणि मोठ्या गिअरमध्ये अडकायचा. कर्रर्र असा आवाज आला की समजायचं, दात गेले. एका महिन्यात चार गिअर गेले. तो आवाज आज्जानं ओसरीवरून ऐकला आणि काठी टेकत परड्यात आले.

"काय करूलालास रे? खळं असं करतात होय?"

मी ट्रॅक करत होतो. त्यांना मात्र खळंच दिसत होतं, आणि त्यांचं बरोबर होतं. खळ्यावर दाणा मातीत मिसळता कामा नये, म्हणून जमीन टणक लागते, न फुटणारी लागते, झाडली तर स्वच्छ होणारी लागते. गाडीला याहून वेगळं काही नको असतं.

(दृश्य: घमेल्यात लाल माती. चाळण. म्हाताऱ्या हातांचा जवळून शॉट.)

तिसऱ्या वर्षी खानापूरची लाल माती आणली. खानापूरची माती कौलं आणि मडकी करायला नावाजलेली. ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही तिथंच आहे. तीन घमेली लाल, एक घमेलं आमची काळी, आणि त्यात भाताचा भुसा. लाल माती अंग धरते, काळी चिकटून राहते, भुसा भेग पसरू देत नाही. हे प्रमाण आज्जांचं. सगळी माती चाळून घ्यायला लावली, आणि चाळणीवर राहिलेला खडा त्यांनी एकेक करून बांधावर फेकायला लावला.

मग पाणी. एका वेळी भरपूर पाणी मारायचं नाही. संध्याकाळी झारीनं भिजवायची, रात्रभर मुरू द्यायची, सकाळी मूठ वळून बघायची. मूठ उघडल्यावर गोळा राहिला आणि हाताला चिखल लागला नाही, की वाफसा आला. तेव्हाच धुम्मस मारायची. दोन-दोन बोटांचे तीन थर, प्रत्येक थर वेगळा ठोकलेला. शेवटचा हात चोपण्याचा, म्हणजे जमीन चोपायच्या लाकडी थापीचा. हे चोपणं आज्जीच्या लग्नाच्या आधीपासून घरात आहे. त्याची मूठ झिजून कुणाच्याही हाताला बसेल अशी झालीये. वरून शेणाचं पातळ सारवण. वळणात ते टायरनं निघतं, तिथं दर पंधरवड्याला पुन्हा करावं लागतं. मला ते काम कधी जड वाटलं नाही.

असा टणक पृष्ठभाग मिळाला की टायरचं गणितही बदलतं. भुसभुशीत मातीला उंच काट्यांचा टायर लागतो, इथं बारीक, आखूड काट्यांचा मऊ टायर चिकटून चालतो. आणि सगळे ज्या एकाच रेषेवरून जातात, तिथं रबर घासून माती घोटली जाते. सुरुवातीला दाखवली ती रेघ हीच.

(दृश्य: दिवाळीतला मातीचा किल्ला. मग मुलं ट्रॅकवर उडीचा उंचवटा थापताना.)

आमच्या भागात दिवाळीला दारोदारी किल्ले होतात. पाऊस संपलेला, माती अजून ओलसर, पोरांना सुट्टी. ट्रॅकच्या कामाचे दिवसही हेच. बुरूज थापणाऱ्या हातांना उडीचा उंचवटा शिकवावा लागला नाही. मी फक्त एकच सांगितलं: वरचा माथा सपाट ठेवा. दोन वेगळे उंचवटे केले आणि मध्ये खड्डा सोडला, तर कमी वेगानं आलेली गाडी खड्ड्यात नाक खुपसते. माथा सपाट असला तर ती त्यावर उतरते आणि पुढं जाते. नवशिक्या पोराला दर फेरीला गाडी उचलायला पळवलं, तर तो पुढच्या रविवारी येत नाही.

गाडी हवेत असतानाही तुमच्या हातात असते, ही गोष्ट मला आजही थक्क करते. थ्रॉटल दिला की चाकं जोरात फिरतात आणि गाडीचं अंग उलट बाजूला वळून नाक वर येतं. ब्रेक मारला की नाक खाली. ज्याला हे जमलं, तो चारही चाकांवर उतरतो.

कडेला जुना स्प्रिंकलरचा पाइप आहे. सळी वाकवून मातीत ठोकलीये, तिचं डोकं पाइपाबाहेर येत नाही. वळणाच्या आतल्या बाजूला पाइपाच्या मागं माती भरली, म्हणजे चूक झाली तर गाडी पाइपाला धडकण्याऐवजी वरून जाते.

(दृश्य: लाकडी मचाण. पाच मुलं, हातात रिमोट.)

मचाण चार फूट उंच आहे, लांब बाजूच्या मधोमध. खाली उभं राहिलं तर उडीमागची गाडी दिसत नाही. पूर्वीच्या रिमोटना फ्रिक्वेन्सी ठरवणारे क्रिस्टल असायचे, एकाच फ्रिक्वेन्सीच्या दोन गाड्या एकत्र चालवता येत नसत. आताच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या रिमोटमुळं पाचही जण एकदम सोडतात.

खरी अडचण वेगळीच. गाडी तुमच्यापासून लांब जाते तोवर डावं ते डावं. ती वळून तुमच्याकडं यायला लागली की तिचं डावं तुमचं उजवं होतं. शेजारचा मुलगा घरी कन्नड बोलतो. तो माझ्या भाच्याला ओरडून सांगतो, "बलक्के, बलक्के!" म्हणजे उजवीकडं. भाचा स्वतःच्या उजवीकडं वळवतो आणि गाडी पाइपावर. आता दोघांनी मिळून तोड काढलीये: दिशा सांगायचीच नाही, खूण सांगायची. "विहिरीकडं", "गोठ्याकडं", "आंब्याकडं". गाडी कुठंही तोंड करून असो, विहीर जागची हलत नाही. भाच्याची फेरी 26 सेकंदांवरून 18 वर आली, ती यानंतर.

बॅटरीबद्दल मात्र मी कडक आहे. लिथियम पॉलिमरचा सेल 4.2 व्होल्टला भरतो, त्यापुढं नाही. फुगलेली बॅटरी चार्जरला लावायची नाही. चार्जिंग गोठ्यापासून आणि गंजीपासून लांब, जांभ्या चिऱ्यावर, आणि माणूस समोर बसलेला हवा.

(दृश्य: जून. आभाळ भरलेलं.)

मृगाचा पाऊस लागला की खेळ बंद. पाइप उपसून गोठ्याच्या माळ्यावर जातात, उडीवर ताडपत्री, आणि ट्रॅकच्या उताराच्या टोकाला चर मोकळा करायचा. 10 मीटरला 20 सेंटिमीटर एवढाच उतार आहे, गाडीला तो कळतही नाही, पण पाणी साचत नाही. तरी वरचा थर वाहतोच. दिवाळीला पुन्हा माती चाळायची.

चोपणं आज्जांनी स्वतः पुसून ओसरीवर टांगलंय. यंदा त्याला नवी दोरी लावलीये.