दहा वर्षे झाली म्हणून इम्प्लांट बदलायचे का?

नमस्कार. माझ्या हातातले हे छोटे कार्ड, म्हणजे स्तनातल्या इम्प्लांटची माहिती असलेले कार्ड, गिरगावात राहणाऱ्या माझ्या मावशीचे आहे. अकरा वर्षांपूर्वी कर्करोगामुळे तिचा डावा स्तन काढावा लागला आणि त्या जागी सिलिकॉनचे इम्प्लांट बसवले गेले. कार्ड तेव्हापासून बँकेच्या पासबुकांच्या पिशवीत पडून होते. गेल्या महिन्यात कुणीतरी सांगितले की दहा वर्षांनी इम्प्लांट बदलावेच लागते, आणि मावशीची झोप उडाली.

दहा वर्षे ही काही ठरलेली मुदत नव्हे. इम्प्लांट जन्मभर टिकेल अशी हमी कुणी देत नाही, हे खरे. पण त्रास नसेल आणि तपासणीत दोष आढळला नसेल, तर केवळ वर्षे मोजून पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जाण्याचे कारण नाही.

पण तपासणी झालेली हवी. मिठाच्या पाण्याचे इम्प्लांट फुटले तर काही दिवसांतच स्तन बसलेला दिसतो. सिलिकॉनचे कवच फाटले, तरी शरीराने इम्प्लांटभोवती तयार केलेल्या आवरणात जेल बहुधा जागच्या जागी राहते, आकार तसाच दिसतो आणि हातालाही काही लागत नाही. म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधे आणि वैद्यकीय उपकरणांच्या सरकारी नियामक संस्थेने, अशा इम्प्लांटसाठी त्रास नसतानाही पहिल्यांदा 5 ते 6 वर्षांनी आणि पुढे दर 2 ते 3 वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी सुचवली आहे. मावशीने एकदाही केली नव्हती. डॉक्टरांकडे दर खेपेला चौकशी व्हायची ती कर्करोगाची. फाटल्याचे दिसले, तर इम्प्लांट काढण्याचाच सल्ला बहुतेक वेळा मिळतो.

हेच आवरण काहींच्या बाबतीत आकसते, विशेषतः किरणोपचार झाले असतील तर. थोडा कडकपणा असेल तर नुसते लक्ष ठेवता येते. स्तन दुखू लागला किंवा वर ओढला गेला, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

एका लक्षणाला मात्र थांबू नये: काही वर्षांनी एकाच बाजूला अचानक आलेली सूज. कारण खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी एक दुर्मीळ लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा कर्करोग, जोडला गेला आहे आणि अशी सूज त्याचे लक्षण असू शकते. त्यामुळेच 2019 मध्ये ॲलर्गन कंपनीची ‘बायोसेल’ नावाची खरखरीत इम्प्लांट जगभरातून परत मागवली गेली. ती बसवलेल्या, पण लक्षणे नसलेल्या स्त्रियांनी ती काढून घ्यावीत, असे एफडीएने तेव्हाही म्हटले नाही.

आपले इम्प्लांट कोणते, हे या कार्डावरच्या मॉडेल आणि अनुक्रमांकावरून सर्जनला कळते. मावशीचे गुळगुळीत निघाले. शुक्रवारी दादरला तिची सोनोग्राफी आहे, आणि हे कार्ड आता तिच्या पर्समध्ये जाणार आहे.