घराला हात लावायच्या आधी एक पावसाळा

श्रोतेहो, नमस्कार.

मी पूर्णेच्या खोऱ्यातली, दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. घरी शेती. आज घराच्या दुरुस्तीबद्दल बोलणार आहे, कारण हे दिवसच त्या विषयाचे आहेत. सोयाबीन निघालं, कापसाची वेचणी सुरू आहे, हातात थोडा पैसा येतोय आणि घरोघरी बोलणं निघतं आहे. यंदा मागची खोली पक्की करू. टिनं काढून स्लॅब टाकू. न्हाणी घरात घेऊ.

आमच्या घरी हे बोलणं २०११ साली निघालं होतं. घर जुनं, पांढऱ्या मातीचं. दीड हात रुंद भिंती, वर सागाची मयाल आणि कवेलू. मागं सांदवाडीत स्वयंपाकाची पक्की खोली काढायचं ठरलं. ठरता ठरता मे महिना उजाडला. नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं आणि मृग तर तोंडावर आला होता. मग अंगणातल्या बोअरच्या पाण्यानंच काम उरकलं. आमचा भाग खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांतून तो पूर्णेच्या काठानं पसरला आहे. आमच्या बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्या पाण्यात आम्ही सिमेंट कालवलं, आणि तराई, म्हणजे ओतलेलं काँक्रीट काही दिवस ओलं ठेवणं, तीसुद्धा त्याच पाण्यानं केली.

पहिली काही वर्षं काही दिसलं नाही. मग भिंतींना खालून लोणा लागला, हात फिरवला की पांढरी भुकटी निघायची. आठव्या वर्षी एका सकाळी मी पोळ्या लाटत होते आणि स्लॅबचा पोपडा पोळपाटाशेजारी येऊन पडला. वर पाहिलं तर सळई उघडी. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं शिडी लावून तिला नख लावलं, तसे तिचे पापुद्रे सुटायला लागले. पेन्सिलीएवढी ८ मिलिमीटरची सळई आत उदबत्तीच्या काडीएवढी उरली होती.

यात झालं काय, ते नंतर एका अभियंत्यानं समजावलं. चांगल्या काँक्रीटमध्ये सळईला गंज चढत नाही, सिमेंट तिला सांभाळतं. पण पाण्यातलं मीठ ते कवच फोडतं. गंजलेलं लोखंड फुगतं आणि आतून काँक्रीटला ढकलून पाडतं. म्हणून आयएस ४५६ या आपल्या मानकात सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यातल्या क्लोराइडची हद्द घालून दिली आहे, लिटरमागं ५०० मिलिग्रॅम. खारपाणपट्ट्यातल्या माझ्या बहिणींनो, भावांनो, बोअरचं पाणी तपासून घेतल्याशिवाय काँक्रीटला लावू नका. आणि आधी तरी गोडं पाणी वापरा, नंतर तराईला खारं चालतं, असं कोणी सांगितलं तर तेही ऐकू नका. ओलं काँक्रीट ते पाणीही पितं.

गोडं पाणी लागतं तरी किती? मी हिशेब मांडला तेव्हा मलाच नवल वाटलं. १० बाय १२ ची खोली आणि ५ इंची स्लॅब धरा. सिमेंटची साधारण ११-१२ पोती लागतात. ५० किलोच्या पोत्याला २५ लिटरच्या आसपास पाणी, म्हणजे कालवायला ३०० लिटर. स्लॅबवर मातीची आळी करून दोन इंच पाणी उभं करायचं, ते साडेपाचशे-सहाशे लिटर. पुढं उन्हानं आटेल तेवढं रोज भरायचं. आपल्याकडं बहुतेक पोती मिश्र, म्हणजे राख किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटची असतात, आणि कोरड्या, तापलेल्या हवेत अशा सिमेंटला १४ दिवस तराई हवी. सगळं मिळून ३,००० लिटर धरा. एवढंच! तेवढं पाणी आधी साठवून ठेवलं असतं तर आमचा स्लॅब वाचला असता. स्लॅब शक्यतो फेब्रुवारी-मार्चमध्येच पाडावा. मे महिन्यात पाडायचाच झाला, तर पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत संपवावा.

तो स्लॅब शेवटी पाडावा लागला. नव्यानं बांधायचं ठरलं तेव्हा घरातले सगळे नकाशाला लागले. खिडकी कुठं, ओटा केवढा, फरशी कोणती. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, सगळं ऐकत सपरीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आंधी पाणी कुठून येते अन् कुठं जाते ते पाय व बाई, मंग भिंत पाय. एक पावसाया जाऊ दे."

त्यांचं ऐकलं. तो अख्खा पावसाळा आम्ही घराला हात लावला नाही. आत्याबाईंनी चुलीतला कोळसा घेतला आणि जिथं ओल चढेल तिथं भिंतीवर रेघ ओढायला सुरुवात केली. रेघेशेजारी नक्षत्र लिहायचं काम माझं. मृग, आर्द्रा, पुनर्वसू. पुष्यापर्यंत माजघराच्या कोपऱ्यात सहा रेघा झाल्या, एकावर एक, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. बाकीच्या भिंतींवर एखादी. आम्ही समजत होतो, कवेलू गळतात. पण त्या रेघा खालून वर चढत होत्या, वरून खाली येत नव्हत्या. भर पावसात छत्री घेऊन बाहेर जाऊन पाहिलं, तर छपराच्या दोन्ही उतारांचं पाणी पन्हाळीतून नेमकं त्याच कोपऱ्याच्या पायथ्याशी पडत होतं. आणि न्हाणीची मोरीही तिथंच फुटली होती.

आता काळ्या मातीचा स्वभाव तुम्हाला मी काय सांगायचा. पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराच्या चारही बाजूंची जमीन सारखी फुगली तर घर एक वेळ निभावतं. पण एकाच कोपऱ्याला रोज पाणी मिळालं तर तो कोपरा उचलला जातो, बाकीचं घर जागेवर राहतं, आणि भिंतीला तिरपी भेग पडते. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग दिसली की सिमेंट भरायची घाई करू नका. आधी बाहेर जाऊन पाणी शोधा. आमचा पहिला खर्च खोलीवर झालाच नाही. पन्हाळीला पाइप लावून पाणी दूर काढलं, मोरीचा शोषखड्डा भिंतीपासून १५ फुटांवर नेला, आणि जोत्याभोवती तीन फूट रुंद फरशीचा उतरता पट्टा केला. पुढच्या पावसाळ्यात त्या कोपऱ्यात एकही रेघ ओढावी लागली नाही.

पायाचंही तसंच. जिथं मुरूम लवकर लागतो तिथं पाया त्यावर बसवता येतो. आमच्याकडं खोदत राहिलं तरी काळीच माती. म्हणून काळी माती काढून मुरमाचे थर भरले, प्रत्येक थराला पाणी मारून धुमस केला, वर प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीवर सळईच्या काँक्रीटचा पट्टा, बांधला. तुमच्या जमिनीला काय लागेल ते तालुक्याच्या अभियंत्याला प्रत्यक्ष दाखवून ठरवा. त्याची फी वाचवू नका.

जुन्या घराला नवीन खोली जोडताना एक चूक मी गावोगावी पाहते. नवी विटांची भिंत जुन्या मातीच्या भिंतीत दात काढून गुंतवतात. जुनं घर पन्नास वर्षांत बसून गेलेलं असतं, नवं अजून बसायचं असतं. ते बसतं तेव्हा जोडावर फाटतं. दोन्हींमध्ये फट ठेवून त्या वेगळ्या बांधाव्यात आणि फटीवर पाणी शिरणार नाही असं झाकण करावं.

मातीच्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर करू नका, असं मी हात जोडून सांगेन. दिसायला चांगलं दिसतं. पण मातीची भिंत ओल घेते आणि सोडते, सिमेंट तिला ती सोडू देत नाही. आत माती भिजून सैल होते, आणि एक दिवस प्लास्टरचा पत्राच सुटून येतो. मातीला मातीचंच लिंपण, किंवा चुना. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले, त्याचंच पुढं सेवाग्राम झालं. तिथल्या माती-बांबू-कवेलूच्या कुट्या आजही उभ्या आहेत. जाल तेव्हा छप्पर भिंतीच्या किती बाहेर आलं आहे ते पाहा. पावसाचा मारा भिंतीला लागूच नये, हे त्या छपराचं काम.

आणि मातीच्या भिंतींवर थेट स्लॅब तर मुळीच नको. मघाचाच १० बाय १२ चा, ५ इंची स्लॅब घ्या. त्याचं वजन साधारण साडेतीन टन, म्हणजे ३५ क्विंटल. तेवढा कापूस एका बैलबंडीत कोणी भरत नाही, आणि इथं ते ओझं लेकरं झोपतात त्या खोलीवर ठेवायचं आहे. त्याला स्वतःचे कॉलम हवेत, स्वतःचा पाया हवा.

घरकुल मंजूर झालेल्यांसाठी एक गोष्ट. प्रधानमंत्री आवास योजनेचं ग्रामीण घर निदान २५ चौरस मीटरचं असावं लागतं, आणि पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणं हप्त्यानं येतात. मंजुरीचं पत्र हातात आलं की लोक उत्साहानं जुनं घर पाडतात आणि पुढचा हप्ता येईस्तोवर ताडपत्रीखाली राहतात. निवाऱ्याची सोय लागल्याशिवाय जुनी मयाल उतरवू नका.

मिस्त्रीशी बोलणं वहीत लिहून घ्यावं, दोघांच्या सह्या घेऊन. मजुरी चौरस फुटानं ठरली तर पायऱ्या, ओटा, कोबा, चौकटी त्यात धरल्या का, हे तेव्हाच विचारावं. भांडणं नेहमी याच चार गोष्टींवरून होतात. रेती ब्रासनं येते, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली रिकामी करायच्या आधी लांबी, रुंदी, उंची टेपनं मोजा. ठरलेल्या खर्चावर पाचवा हिस्सा वेगळा ठेवा, जुनं घर उघडल्यावर वाळवी लागलेला एखादा खांब हमखास निघतोच. आणि स्वयंपाकघर कसं हवं ते रोज तिथं उभी राहते तिला विचारा. आमच्या पहिल्या खोलीत खिडकी चुलीच्या पाठीमागं होती. नऊ वर्षं मी माझ्याच सावलीत भाजी चिरली.

दुसऱ्या वेळी मिस्त्रीशी मी आणखी एक बोलून ठेवलं होतं. "भाऊ, मजुरीतला दहावा हिस्सा पहिला मोठा पाऊस झाल्यावर देईन." त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "चालते वयनी. पाऊस पडला का मी सोताच येतो."

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री पाऊस आला. आम्ही बॅटरी घेऊन भिंती पाहत फिरलो. आत्याबाई कोळसा हातात धरून खाटेवर बसल्या होत्या. पहाटे मिस्त्री खरंच आले, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. एका खिडकीच्या वर वीतभर ओल होती, सज्जाच्या जोडातून झिरपलेली. आत्याबाईंनी तिथं रेघ ओढून लिहायला सांगितलं, मृग. मिस्त्रींनी त्याच दिवशी वरून जोड खरवडून भरून दिला. आर्द्राचा पाऊस त्या खिडकीवरून गेला, तरी रेघ तिथल्या तिथंच राहिली. मग मी त्यांचे पैसे मोजून दिले.

नमस्कार.